दोन भाकितांची लढाई : 'फाउंडेशन' आणि 'ड्यून'

विज्ञानकथेच्या वाचकवर्गात, विशेषतः अमेरिकेत, एक वाद गेली कित्येक दशके मोठ्या हिरिरीने घातला जातो. दोन भिन्न लेखकांनी निर्माण केलेली दोन विश्वे एकमेकांसमोर युद्धाला उभी राहिली, तर विजय कोणाचा? १९६६ साली दूरचित्रवाणीवर आलेल्या 'स्टार ट्रेक'मधील अंतराळनौका श्रेष्ठ, की १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटातील, अख्खा ग्रह भस्मसात करणारा यंत्रगोल अधिक बलवान? या वादाचे पक्षकार तोफांची शक्ती, नौकांचा वेग आणि सैन्याची संख्या यांची कोष्टके मांडतात, एखाद्या संवादावरून स्फोटाची ऊर्जा काढतात आणि निकाल जाहीर करतात. प्रतिपक्षाला तो निकाल अर्थातच मान्य नसतो. गंभीर समीक्षेने या प्रकाराकडे बहुधा पोरखेळ म्हणूनच पाहिले आहे.

आम्हांला मात्र हा खेळ फारसा परका वाटत नाही. कर्ण श्रेष्ठ की अर्जुन, या प्रश्नावर आपल्या घरांतून किती पिढ्या वाद झाले असतील! तो वाद निदान एकाच ग्रंथाच्या चौकटीतला आहे. दोघांची अस्त्रे, शाप आणि वर यांचा हिशेब एकाच काव्याने ठेवलेला आहे. पण दोन काव्यांतील वीरांची गाठ घालून देणेही आपल्या परंपरेला वर्ज्य नव्हते. महाभारताच्या वनपर्वात भीमाच्या वाटेत एक वृद्ध वानर आडवा पडलेला असतो, आणि हजारो हत्तींचे बळ मिरवणाऱ्या भीमाला त्याचे शेपूटही हलवता येत नाही. तो वानर म्हणजे रामकथेतला हनुमान. येथे बळाची तुलना कोणी मांडलेली नाही. भीमाचा गर्व उतरवणे हे त्या प्रसंगाचे प्रयोजन आहे आणि त्या प्रयोजनानेच निकाल ठरवला आहे. दोन विश्वांच्या लढाईत खरा पंच कथनाचा हेतू असतो, हे त्या जुन्या कवीला पुरते ठाऊक होते.

हेच सूत्र हाती धरून आम्ही येथे एक लढाई लावून पाहणार आहोत. पडद्यावरची विश्वे बाजूला ठेवून त्यासाठी आम्ही ग्रंथांतील दोन विश्वे निवडली आहेत : आयझॅक असिमोव्ह यांचे 'फाउंडेशन' आणि फ्रँक हर्बर्ट यांचे 'ड्यून'. या दोहोंतील स्पर्धा वाचकांनी हौसेने लावलेली नाही. ती त्यांच्या जन्मातच आहे.

२

दोन्ही लेखक १९२० साली जन्मलेले. असिमोव्ह रशियात जन्मले, तीन वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आले, ब्रुकलिनमधील वडिलांच्या छोट्या दुकानात विक्रीला येणारी मासिके वाचत वाढले आणि पुढे जीवरसायनशास्त्राचे अध्यापक झाले. हर्बर्ट हे वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमाचे, पेशाने वृत्तपत्रकार. १ ऑगस्ट १९४१ रोजी असिमोव्ह 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या भेटीस निघाले असता, भुयारी रेल्वेत त्यांना आकाशगंगेवर पसरलेल्या एका साम्राज्याच्या ऱ्हासाची कल्पना सुचली. गिबनने लिहिलेला रोमन साम्राज्याच्या पतनाचा इतिहास त्यांच्या मनात घोळत होता. मे १९४२ ते जानेवारी १९५० या काळात त्या मासिकातून आलेल्या कथांचे १९५१ ते १९५३ मध्ये तीन ग्रंथ झाले.

हर्बर्ट १९५७ साली ओरेगन राज्याच्या किनाऱ्यावर सरकत्या वाळूच्या टेकड्या पाहण्यास गेले होते. गवत लावून ती वाळू थोपवण्याचा सरकारी प्रयोग तेथे चालला होता. त्यावर लिहायचा लेख कधी प्रसिद्ध झाला नाही. पण वाळवंट, पाणी आणि त्यांवर जगणारी माणसे यांचा ध्यास हर्बर्टना लागला. त्यातून आलेली 'ड्यून' डिसेंबर १९६३ पासून मासिकात क्रमशः छापली जाऊ लागली. ते मासिक होते 'अॅनालॉग', म्हणजे नाव बदललेले 'अस्टाउंडिंग'च, आणि संपादक होते तेच कॅम्पबेल. पुस्तकासाठी मात्र वीसहून अधिक प्रकाशकांनी नकार दिला. अखेर १९६५ साली मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेल्या चिल्टन या संस्थेने ते छापले. १९६६ साली क्लीव्हलंड येथील जागतिक विज्ञानकथा संमेलनात एकाच समारंभात 'फाउंडेशन'ला सार्वकालिक श्रेष्ठ मालिकेचा, तर 'ड्यून'ला त्या वर्षीच्या कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार (दुसऱ्या एका कादंबरीबरोबर विभागून) मिळाला. 'ड्यून' हे 'फाउंडेशन'वरचे भाष्य आहे, असे टिम ओरायली या समीक्षकाने १९८१ साली हर्बर्टवरील आपल्या पुस्तकात मांडले. ते मत आम्हांला ग्राह्य वाटते. एकाच संपादकाच्या मेजावरून निघालेले ते प्रश्न आणि उत्तर आहेत.

प्रश्न असा : साम्राज्य कोसळताना माणसाच्या हाती काय उरते? असिमोव्ह म्हणतात, योजना. त्यांचा गणिती हारी सेल्डन 'सायकोहिस्टरी' नावाचे शास्त्र रचतो. वायूच्या एका रेणूची गती सांगता येत नाही, परंतु कोट्यवधी रेणूंच्या वायूचे वर्तन सांगता येते. तसेच एका माणसाचे नव्हे तरी अफाट लोकसमुदायाचे भविष्य गणिताने मांडता येईल, ही त्याची धारणा. बारा हजार वर्षांचे साम्राज्य पडणार आणि तीस हजार वर्षांचे अंधारयुग येणार, हे त्याला दिसते. ते अंधारयुग एक हजार वर्षांवर आणण्यासाठी तो आकाशगंगेच्या कडेला, टर्मिनस नावाच्या धातुहीन ग्रहावर ज्ञानकोशकारांची एक वसाहत बसवतो.

हर्बर्ट त्याच प्रश्नाकडे वाळवंटातून पाहतात. त्यांच्या साम्राज्याचा सारा डोलारा अराकिस या रखरखीत ग्रहावर मिळणाऱ्या एका मसाल्यावर उभा आहे. त्या मसाल्याने आयुष्य वाढते, आणि गिल्ड या वाहतूकसंघाच्या सुकाणूधाऱ्यांना ताऱ्यांमधली सुरक्षित वाट तेवढी आधी दिसते. तेथील फ्रेमेन लोकांत आश्रयाला आलेला पॉल अत्रेइदिस मसाल्याच्या प्रभावाने भविष्य पाहू लागतो, 'मुआदीब' या नावाने त्यांचा प्रेषित ठरतो आणि सम्राटाला पदच्युत करतो. माणसाच्या हाती काय उरते, याचे उत्तर येथे 'तारणहार' असे येते. आणि ते उत्तर किती भयंकर आहे, हे दाखवण्यासाठीच हर्बर्ट ते देतात.

३

आता रणांगण. शस्त्रांपासून आरंभ करू.

'ड्यून'मध्ये योद्ध्याभोवती बहुधा एक अदृश्य कवच असते. वेगाने आलेली गोळी त्यावरून परतते. संथपणे शिरणारे पाते मात्र आत जाते. किरणांचे शस्त्र कवचावर आदळले, तर मारणारा आणि मरणारा दोघेही स्फोटात नष्ट होतात. म्हणून हजारो वर्षांनंतरच्या त्या युगातही माणसे सुरा हाती घेऊन लढतात. 'फाउंडेशन'मध्ये अणुशक्तीवर चालणारी हातातली शस्त्रे आहेत, अंगाभोवतीचे कवच आहे, आणि साम्राज्याच्या विस्तारात सुमारे अडीच कोटी वसलेले ग्रह आहेत. टर्मिनसच्या सैनिकाने फ्रेमेन योद्ध्यावर अणुशस्त्र रोखले तर काय होईल? असिमोव्हच्या नियमाने फ्रेमेन मरेल. हर्बर्टच्या नियमाने कदाचित सारे शहरच उडेल. दोन्ही नियम मानणारे पदार्थविज्ञान कोणीच लिहिलेले नाही. म्हणजे निकाल देणाऱ्याला आधी सृष्टीचे नियम स्वतः करावे लागतील आणि मग तो निकाल त्याचा स्वतःचा ठरेल.

हे नियम असे का केले, हा प्रश्न समीक्षेला अधिक उपयोगी आहे. हर्बर्टना माणसाचे धैर्य, शरीर आणि शिस्त मोजायची आहे. म्हणून त्यांनी बंदुका निकामी करून सुरा परत आणला. असिमोव्हना व्यापार आणि बुद्धी मोजायची आहे. म्हणून त्यांनी अणुशक्ती स्वयंपाकघरातील सुरीपर्यंत नेली. दोघांचेही विज्ञान त्यांच्या विषयाच्या सेवेला आहे.

गंमत अशी, की इतकी शस्त्रे निर्माण करूनही दोघांना प्रत्यक्ष युद्धात रस नाही. असिमोव्हच्या ग्रंथांत बरीचशी माणसे खोलीत बसून बोलतात. लढाई झालीच तर ती बाहेर होते. हर्बर्टच्या कादंबरीत पर्वताची भिंत फोडून, महाकाय वाळूकृमींवर स्वार झालेले फ्रेमेन राजधानीवर कोसळतात, तो प्रसंग थोडक्यात उरकला जातो आणि लेखकाची नजर वळते ती सम्राटासमोर दोन तरुणांमध्ये झालेल्या सुऱ्यांच्या द्वंद्वाकडे. पुढे पॉलच्या नावाने आकाशगंगाभर जे धर्मयुद्ध पेटते, ते तर दोन ग्रंथांच्या मधल्या कोऱ्या जागेत घडते. बारा वर्षांनी, 'ड्यून मसायाह'मध्ये, आपल्याला हाती येतो तो केवळ त्याचा हिशेब : एकसष्ट अब्ज माणसे मेली, नव्वद ग्रह निर्जीव झाले. हे आकडे पॉल स्वतः उच्चारतो. विजेत्यानेच आपल्या विजयाचे असे गणित मांडलेले वाङ्मयात क्वचितच आढळेल.

४

शस्त्रांनी निकाल लागत नाही, तेव्हा व्यापाराकडे वळावे लागते. आणि येथे असिमोव्हचा पक्ष अनपेक्षित रीतीने प्रबळ ठरतो.

'फाउंडेशन'मधली सर्वांत चतुर युद्धे न लढता जिंकलेली आहेत. टर्मिनसचा नगराध्यक्ष सॅल्वर हार्डिन शेजारच्या रानटी राज्यांना अणुविद्या देतो, पण ती एका बनावट धर्माच्या वेष्टनात, पुरोहितांच्या हातून. अॅनाक्रिऑनचे आरमार टर्मिनसवर चालून जाते, तेव्हा नौकेवरचा पुरोहित शाप उच्चारतो आणि नौकेतले दिवे विझतात. पुढे कोरेलच्या राज्याशी युद्ध होते, तेव्हा होबर मॅलो हा व्यापारी काहीच करत नाही. केवळ पुरवठा थांबवतो. घरातली शेगडी, कारखान्यातली यंत्रे एकेक करून बंद पडू लागतात आणि कोरेल शरण येते.

असा एखादा मॅलो अराकिसवर उतरला, अशी कल्पना करा. त्याची नौका गणित करून ताऱ्यांमधून झेप घेते. तिला गिल्डचा सुकाणूधारी लागत नाही आणि मसालाही लागत नाही. पॉलची खरी शक्ती ही, की तो मसाला कायमचा नष्ट करण्याची धमकी देऊ शकतो. त्या धमकीपुढे गिल्ड आणि सम्राट दोघे वाकतात. मॅलोपुढे ती धमकी निम्म्याहून अधिक निकामी होते. दीर्घायुष्यासाठी श्रीमंत लोक मसाला मागतीलही, परंतु वाहतुकीची मान त्याच्या हाती राहणार नाही. मग मॅलो फ्रेमेनांच्या गुहेत जाईल आणि हवेतले पाणी गोळा करणारी अणुयंत्रे स्वस्तात विकायला मांडील. वाळवंट हिरवे करण्याचे फ्रेमेनांचे स्वप्न काही शतकांचे होते. मॅलो ते काही वर्षांत पुरे करून देईल.

आणि तेथेच फ्रेमेन हरतील. पाणी हे वाळूकृमींना विष आहे. कृमी गेले की मसाला गेला, आणि टंचाईने घडवलेली फ्रेमेनांची कणखर शिस्तही गेली. ही आमची कल्पना नाही; हर्बर्टनी स्वतःच ती पुढच्या ग्रंथांत दाखवली आहे. अराकिसवर हिरवळ पसरते, आणि काही हजार वर्षांनी उरतात ते जुने विधी अर्थ न कळता पार पाडणारे, संग्रहालयात ठेवल्यासारखे फ्रेमेन. ज्या सुबत्तेची असिमोव्हनी शस्त्र म्हणून प्रशंसा केली, तिने पराभूत झालेल्यांचे मन आतून कसे पोखरले जाते, हे हर्बर्टनी लिहिले.

धर्माच्या बाबतीतही असेच आहे. हार्डिनचा धर्म बनावट आहे, आणि टर्मिनसवर त्याला कोणी खरा मानीत नाही. 'ड्यून'मध्येही बेने गेसेरिट या स्त्रियांच्या पंथाने मागास ग्रहांवर सोयीच्या दंतकथा पेरून ठेवलेल्या आहेत. पॉल आणि त्याची आई जेसिका यांना फ्रेमेनांत आसरा मिळतो तो या पेरणीमुळेच. साधन एकच. फरक असा, की हार्डिनच्या गोष्टीत श्रद्धा ही कळ दाबून चालू-बंद करता येते. शाप उच्चारणाऱ्या त्या पुरोहिताच्या मनात काय होते, नौकेवरच्या भयभीत खलाशांचे पुढे काय झाले, हे असिमोव्ह विचारीत नाहीत. हर्बर्ट नेमके तेच विचारतात. पेरलेली दंतकथा उगवते, वाढते आणि पेरणाऱ्याच्या मुलालाच गिळते. वाङ्मय म्हणून 'ड्यून' आम्हांला सरस वाटते ते या जागी. असिमोव्हच्या कथा बुद्धिबळाच्या डावाचा निर्भेळ आनंद देतात, पण त्यांतल्या प्याद्यांना क्वचितच चेहरा असतो. आणि पहिल्या ग्रंथात तर स्त्रिया जवळजवळ नाहीतच.

५

परंतु लढाई अजून संपलेली नाही. दोन्ही विश्वांचे मुख्य अस्त्र अजून बाहेर यायचे आहे. ते अस्त्र म्हणजे भविष्याचे ज्ञान.

सेल्डनच्या शास्त्राला दोन अटी आहेत : लोकसमुदाय अफाट असावा, आणि त्या समुदायाला आपले भाकीत ठाऊक नसावे. या अटी पाळल्या गेल्या की व्यक्तीचे कर्तृत्व गौण ठरते. साम्राज्याचा शेवटचा मोठा सेनापती बेल रिओझ टर्मिनसवर विजयाच्या उंबरठ्यावर असतो, तेव्हा सम्राटच त्याला परत बोलावतो आणि मारतो. कारण समर्थ सेनापतीचा संशय समर्थ सम्राटाला यायचाच. आणि सम्राट दुबळा असता, तर असा सेनापती टर्मिनस सोडून सिंहासनाकडेच वळला असता. कोणत्याही वाटेने गेले तरी टर्मिनस वाचते.

मग येतो म्यूल. म्यूल म्हणजे खेचर, वंश पुढे न चालवू शकणारा प्राणी. इतरांच्या भावना वळवण्याची शक्ती घेऊन जन्मलेला हा एकटा माणूस सेल्डनच्या गणितात बसत नाही. असिमोव्हच्या सर्व ग्रंथांत आम्हांला सर्वांत थरारक वाटणारा प्रसंग याच वेळचा आहे. संकटाच्या घडीला, शेकडो वर्षांपूर्वी मृत झालेल्या सेल्डनची प्रतिमा ठरल्याप्रमाणे प्रकट होते आणि बोलू लागते. टर्मिनसचे पुढारी कान देऊन ऐकतात. सेल्डन बोलत असतो ते वेगळ्याच कुठल्या तरी संकटाविषयी, व्यापाऱ्यांच्या बंडाविषयी. म्यूलविषयी त्याला काहीच ठाऊक नाही. ऋषींचे वचन खोटे ठरताना भक्तांनी समोर बसून ऐकावे, असा तो क्षण आहे.

पॉल मुआदीब हा हर्बर्टचा म्यूलच. फरक इतकाच, की असिमोव्ह म्यूलला खलनायक करतात आणि हर्बर्ट त्याला नायक करून आपल्याला त्याच्या प्रेमात पाडतात, मग त्याचा हिशेब दाखवतात. कॅम्पबेलना हा हिशेब रुचला नाही. 'ड्यून मसायाह' त्यांनी नाकारली आणि १९६९ साली ती दुसऱ्या मासिकात आली. नायकाचे पतन पाहण्याची त्यांची तयारी नव्हती.

आता हे दोघे समोरासमोर उभे करा. पॉल एक व्यक्ती आहे, म्हणून सेल्डनच्या गणिताला तो दिसत नाही. आणि पॉलला टर्मिनस दिसेल काय? 'ड्यून'चाच नियम असा आहे, की एका द्रष्ट्याची दृष्टी दुसऱ्या द्रष्ट्यापाशी अडते. 'ड्यून मसायाह'मध्ये पॉलविरुद्ध कट करणारे लोक गिल्डच्या एका सुकाणूधाऱ्याच्या आडोशाला बसतात, ते यासाठीच. सेल्डनची योजना गुप्तपणे राखणारे मनोबलाचे तज्ज्ञही, आमच्या मते, असाच आडोसा ठरले असते. शिवाय पॉलने आपले भविष्य लाखो अनुयायांना सांगितले, की सेल्डनची दुसरी अटही मोडली. अर्थात या लढाईत पहिल्याच दिवशी दोन्ही भाकिते आंधळी होतात. दोन्ही विश्वांतील सामान्य माणसे, ज्यांचे नशीब आजवर कोणी तरी आधीच पाहून ठेवले होते, ती एकाएकी मोकळी होतात.

आम्हांला या लढाईचा हाच निकाल दिसतो. तो कदाचित आमचा हट्ट वाटला असता. परंतु दोन्ही लेखक आपापल्या वाटेने याच ठिकाणी पोचले आहेत. असिमोव्हनी तीस वर्षांच्या खंडानंतर १९८२ साली मालिका पुन्हा हाती घेतली, तेव्हा त्यांचा नायक गोलान ट्रेव्हिझ निवड करतो ती सेल्डनच्या योजनेविरुद्ध, आणि १९८६ च्या ग्रंथात त्या योजनेचा पायाच अपुरा होता असे ठरते. हर्बर्टनी १९८१ च्या ग्रंथात पॉलच्या मुलाला साडेतीन हजार वर्षे राज्य करायला लावले. त्या दीर्घ जुलमाचा एक हेतू असा, की कोणाही द्रष्ट्याला दिसणार नाही अशी माणसे जन्माला यावीत. शेवटच्या प्रेषिताने प्रेषितपणाच संपवण्यासाठी राज्य केले. ज्या अस्त्रावर विश्व उभारले, ते अस्त्र दोघांनीही अखेरीस खाली ठेवले.

६

हा विषय या पत्रिकेच्या वाचकांपुढे मांडण्यास आणखी एक कारण आहे. एक माणूस, एक गोळी इतिहास वळवू शकते काय, हा प्रश्न आपल्याकडे आकाशगंगेचा नाही. तो पानिपतचा आहे.

१४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना गोळी लागली. ती चुकली असती तर? या प्रश्नावर मराठीत उत्तम विज्ञानकथा लिहिली ती जयंत नारळीकरांनी. नारळीकर (१९३८–२०२५) जन्माने कोल्हापूरचे, पण वाढले बनारसला, वडील तेथील हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असताना. म्हणजे एका अर्थी आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरातले. त्यांच्या कथेतील इतिहासकार गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात जाऊन पोचतात, जेथे ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली आणि मराठे जिंकले. सेल्डन म्हणाला असता, गोळीने काय होते? पॉल म्हणाला असता, सर्व काही होते. नारळीकर तिसरेच उत्तर देतात : काही क्षण असे काठावरचे असतात की तेथून इतिहासाच्या दोन वाटा फुटतात, आणि दोन्ही तितक्याच खऱ्या असतात.

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे या परिसरातील जुन्या घरांना पानिपतचा 'जर' वारशातच मिळालेला असतो. त्या 'जर'ची परीक्षा घ्यायला इतिहास स्वतः तयार आहे. रणातून जखमी होऊन निसटलेल्या महादजी शिंद्यांच्या फौजा १७७१ च्या फेब्रुवारीत दिल्लीत होत्या आणि पुढच्या जानेवारीत शाह आलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीत परतला. दहा वर्षांत झालेली ही भरपाई पाहून सेल्डनचा पक्ष म्हणेल, प्रवाह मोठा होता, गोळी लहान. पण त्याच वर्षी, नोव्हेंबर १७७२ मध्ये, सत्तावीस वर्षांचे माधवराव पेशवे क्षयाने गेले आणि राज्य भाऊबंदकीत सापडले. तेव्हा म्यूलचा पक्ष म्हणेल, पाहा, एक माणूस! आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच सुखाच्या शोधात आहेत. आपल्या हातून जे गेले ते अटळ होते, किंवा एखाद्या गोळीमुळे गेले, यांपैकी काहीही सिद्ध झाले की आपल्यावर जबाबदारी उरत नाही. 'जर' हा मागे वळवलेला भविष्यवाद आहे, आणि त्याची गुंगी मसाल्याइतकीच चढते.

टर्मिनसवरचे ज्ञानकोशकार या संदर्भात आठवतात. साम्राज्याच्या कडेला बसून ते पन्नास वर्षे जुन्या ज्ञानाचे वर्गीकरण करीत राहिले. तेथे आलेला एक साम्राज्याचा सरदार तर मानवाचे मूळ कोणत्या ग्रहावर, हे शोधण्यासाठी जुन्या पंडितांची मते एकमेकांविरुद्ध तोलत बसतो. स्वतः जाऊन जमीन खणावी, हे त्याला सुचतही नाही. हार्डिन त्याच्याकडे पाहून थक्क होतो. पुढे सेल्डनची प्रतिमा प्रथम प्रकट होते आणि शांतपणे सांगते, की ज्ञानकोश हे केवळ निमित्त होते. तुम्हांला येथे बसवले ते दुसऱ्या कामासाठी. असिमोव्हच्या ग्रंथांतील हा भाग वाचताना आमच्यासारख्या, जुनी कागदपत्रे आणि जुनी कवने जपणाऱ्या मंडळांनी थोडे थांबावे. जपणे हे काम आहेच. पण जपलेले ज्या भाषेत आहे, ती भाषा आजच्या घरात नवे काही बोलते आहे की नाही, हे कोणत्याही भाकितात लिहिलेले नाही. ते बोलणाऱ्यांवर अवलंबून आहे.

नातवंडे 'ड्यून'चे २०२१ आणि २०२४ साली आलेले चित्रपट पाहून कोण जिंकेल याचा वाद घालू लागली, तर त्यांना पोरखेळ म्हणून गप्प करू नये, असे आम्ही सुचवतो. त्यांना विचारावे, की जिंकल्यावर काय होईल? मॅलोच्या पाण्याने फ्रेमेनांचे काय होईल, मुआदीबच्या विजयात कोण मरेल, आणि दोन्ही भाकिते बंद पडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माणसांनी कोणत्या कामाला लागावे? हे तीन प्रश्न विचारता आले, तर त्या वादातून समीक्षा सुरू होईल. आणि ती मराठीत झाली, तर आम्हांला अधिक काही मागावयाचे नाही.